कोणी कोणाला मोठं केलं?

परवा व्हिडिओ कॉलवर सूनबाई कपाट आवरताना दिसल्या. हातात एक निळा शर्ट, पाठीवर १२ आकडा, वर नाव 'ब्रेडी'. "आई, हा आता त्याला दंडातसुद्धा जात नाही. देऊन टाकू का?" मी काही बोलायच्या आत मागून नातू ओरडला, "नाही!" मला हसू आलं, आणि सहा वर्षांपूर्वीची ती रात्र आठवली.

माझ्या नेहमीच्या वाचकांना (आणि 'वाचलं हं' म्हणून न वाचणाऱ्या नातेवाईकांनाही!) मी अमेरिकन फुटबॉलवर लिहिते आहे याचं आश्चर्य वाटेल. पण विषय खरं तर खेळाचा नाही. बघा पटतंय का.

४ जानेवारी २०२०, शनिवार. मी बॉस्टनजवळ मुलाकडे होते. बाहेर थंडी मी म्हणत होती आणि घरातले सगळे टीव्हीसमोर. न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध टेनेसी टायटन्स, बाद फेरीचा सामना. हरला तो घरी. हा फुटबॉल नावाचाच, चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. त्यात क्वार्टरबॅक म्हणजे आपल्या नाटकातला सूत्रधार. प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो, आणि समोरून धिप्पाड गडी अंगावर धावून येत असताना चेंडू कोणाला द्यायचा, कोणाकडे फेकायचा, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. हे सगळं मला बारा वर्षांच्या नातवाने शिकवलं. विद्यार्थिनी जरा मठ्ठ होती, पण मास्तर चिकाटीचे!

पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी तेव्हा ४२ वर्षांचा होता. कोच बिल बेलिचेक ६७ चे. दोघेही २००० साली या संघात आले. ब्रेडीला त्या वर्षीच्या निवडीत १९९ वा नंबर मिळाला होता, म्हणजे जवळजवळ कोणालाच नको असलेला मुलगा. पुढच्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून याला संधी मिळाली, आणि मग या जोडीने सहा अजिंक्यपदं मिळवली.

त्या रात्री मात्र संघ १४-१३ असा मागे होता. शेवटचे पंधरा सेकंद उरले तेव्हा चेंडू त्यांच्याकडे होता, पण स्वतःच्याच रेषेपासून अवघ्या एका यार्डावर. ब्रेडीने फेकलेला चेंडू टायटन्सच्या लोगन रायनने मधल्यामध्ये पकडला आणि सरळ रेषेपार नेला. २०-१३. हा रायन पूर्वी पेट्रियट्सकडूनच खेळलेला. टायटन्सचे कोच माइक व्रेबल हेही बेलिचेकच्या हाताखाली खेळलेले. मुद्दाम नियमभंग करून घड्याळातला वेळ जाळायची बेलिचेकची त्याच मोसमातली युक्ती त्यांनी त्या दिवशी गुरूवरच वापरली. शिष्यात् इच्छेत् पराजयम् म्हणतात, पण बाजूला उभ्या असलेल्या गुरूचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता!

नातू एक शब्दही न बोलता झोपायला गेला. सकाळी नाश्त्याला मुलगा म्हणाला, "त्याचं आता वय झालंय. सोडायला हवा." मी पोहे परतत होते. बेचाळिसाव्या वर्षी वय झालं, तर एकाहत्तरीच्या बाईने काय म्हणावं?

मग सुरू झाला तो वाद. ब्रेडीचा करार संपत होता. जावं कोणी, राहावं कोणी? आणि त्यामागचा खरा प्रश्न, वीस वर्षांचं श्रेय कोणाचं? कोचची बाजू घेणारे म्हणत, २००८ मध्ये ब्रेडी पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, तरी संघाने ११ सामने जिंकले. २०१९ च्या सुपर बोलमध्ये प्रतिस्पर्ध्याला अवघ्या ३ गुणांवर रोखलं, ती कोचचीच करामत. ब्रेडीचे भक्त म्हणत, २०१७ च्या सुपर बोलमध्ये ३-२८ असे मागे असताना सामना कोणी खेचून आणला? आणि त्याच्या आधी क्लीव्हलँडला बेलिचेक कोच होते, तेव्हा ३६ विजय आणि ४४ पराभव, त्याचं काय?

१७ मार्च २०२० ला ब्रेडीने संघ सोडत असल्याचं जाहीर केलं. तो टँपा बे बकेनियर्सकडे गेला. बारा मोसम बाद फेरीचं तोंडही न पाहिलेला हा संघ, पण पहिल्याच वर्षी, ७ फेब्रुवारी २०२१ ला, ४३ व्या वर्षी त्याने तिथे सातवं अजिंक्यपद मिळवलं. इकडे पेट्रियट्स ७ विजय, ९ पराभव. झालं, निकाल लागला! 'सगळं ब्रेडीचंच होतं' असं लोक म्हणू लागले. २०२३ चा मोसम ४ विजय आणि १३ पराभवांवर संपला आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलिचेकही गेले, तेव्हा तर त्यावर शिक्कामोर्तबच झालं.

मला हा निकाल मान्य नाही. वीस वर्षांच्या संसाराची वाटणी शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेवरून होत नसते. खुद्द ब्रेडीही जानेवारी २०२३ मध्ये बाद फेरीत डॅलसकडून १४-३१ असा हरला आणि मग निवृत्त झाला. वय त्यालाही चुकलं नाही. बेलिचेकने वयाकडे पाहिलं, हा त्यांचा दोष मी मानत नाही. खेळाडू उतरणीला लागायच्या एक वर्ष आधीच त्याला सोडायचा, अशी त्यांची ख्याती होती. निष्ठुर वाटतं, पण संघ चालवणाऱ्याला ते करावं लागतं. दोष असलाच तर दोन. एक म्हणजे, २०१४ मध्ये जिमी गॅरोपोलो हा तरुण वारस आणला आणि २०१७ मध्ये त्यालाच सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. मग जुना गेला तेव्हा नवा तयार नव्हता. दुसरा म्हणजे, जी पट्टी सगळ्यांना लावली ती स्वतःला लावली नाही. आपलं 'एक वर्ष आधी' कोणतं, हे भल्याभल्यांना कळत नाही. आम्हा शिक्षकांना कॅलेंडर अठ्ठावन्नाव्या वर्षी हाताला धरून बाहेर काढतं. तेव्हा राग येतो, पण तो उपकारच असतो.

आता हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का लिहिते आहे ते सांगते. मी मुख्याध्यापिका असताना आमच्या शाळेत गणिताचे एक सर होते. वीस वर्षं दहावी त्यांच्याकडे. नंतर सलग दोन वर्षं निकाल खाली आला. त्यांना ऐकू कमी येत होतं, वर्गात गोंधळ होई. मी दहावी एका तरुण शिक्षकाला दिली आणि सरांना पाचवी-सहावी. निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. पण तो मी त्यांना सांगितला नाही. जूनमध्ये नवं वेळापत्रक शिक्षकखोलीतल्या फळ्यावर लावलं आणि ते त्यांनी तिथे, सगळ्यांच्या देखत, वाचलं. खिशातला खडूचा तुकडा टेबलावर ठेवला आणि पाचवीच्या वर्गाकडे गेले. पुढे त्यांच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ देऊन मी छान भाषण केलं. फळ्याबद्दल मात्र कधीच बोलले नाही.

३ ऑक्टोबर २०२१ ला ब्रेडी नव्या संघाबरोबर फॉक्सबरोच्या त्याच मैदानावर खेळायला आला. बकेनियर्स १९-१७ असे जिंकले. सामना संपल्यावर बेलिचेक पाहुण्या संघाच्या खोलीत गेले आणि दोघे वीसेक मिनिटं बंद दाराआड बोलत बसले. हरलेला कोच आपण होऊन जिंकलेल्या जुन्या खेळाडूकडे गेला, हे मला सहा अजिंक्यपदांइतकंच मोठं वाटतं. पुढे जून २०२४ मध्ये ब्रेडीच्या गौरव समारंभात बेलिचेक आले, बोलले, आणि ब्रेडीनेही भर मैदानात सांगितलं की दुसऱ्या कोणत्याही कोचकडे खेळायला मला आवडलं नसतं. वाद घालणाऱ्यांनी खरं तर तिथेच थांबायला हवं होतं.

मला वीस मिनिटं कधी सापडली नाहीत. सरांचं घर शाळेपासून चार गल्ल्या पलीकडे होतं. आता सर नाहीत.

असो. सूनबाईंना सांगितलं आहे, तो शर्ट इतक्यात देऊ नका. द्यायचाच झाला तर नातवाला समोर बसवून, विचारून द्या.