बाळाचे सुंदर फोटो, तेही खिशाला परवडतील असे!

बाळाचं फोटोशूट करायचंय, पण पॅकेजचे आकडे ऐकूनच धडकी भरते? मग फोटोग्राफरला आधी विचारा, किती वेळ देणार आणि एडिट केलेले फोटो किती मिळणार? खर्च वाढतो तो थीम, टोपल्या, कपडे आणि जाडजूड अल्बममुळे. बाळाला यातलं काहीच नको असतं! सकाळी घरीच, खिडकीजवळ, साध्या पांढऱ्या चादरीवर एक तास, निवडक दहा फोटो आणि त्यांच्या सॉफ्ट कॉपी, एवढंच मागा. अल्बम नंतरही छापता येतो.

झोपेतले फोटो पहिल्या दोन आठवड्यांत छान येतात. ते हुकले तरी हळहळू नका. नुकतं बसायला लागलेलं बाळ मला तर जास्त गोड वाटतं. बाळाची पहिली संक्रांत जवळ आली असेल, तर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घरात असतातच. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करता येतं, त्यामुळे फोटोग्राफरला सवडीचा दिवस विचारा. सोसायटीत आणखी बाळं असतील तर खर्चही वाटून घ्या. हलवा मात्र बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नका.

एका बाबतीत भीड नको. हातांवर हनुवटी टेकवून झोपलेल्या तान्ह्या बाळाचा फोटो पाहिलाय ना? तो दोन फोटो जोडून करतात. प्रत्यक्षात बाळाचं डोकं कुणीतरी हाताने धरलेलं असतं. आधाराशिवाय तसं बसवायला कुणी निघालं, तर सरळ नाही म्हणा. आणि मध्येच दूध पाजायला थांबता येईल ना, हेही आधीच विचारून ठेवा.