लोककथा ही संगीताची कुबडी नव्हे

वाद्यवृंदाच्या एखाद्या रचनेमागे लोककथा आहे असं कळलं, की काही जाणकारांच्या कपाळाला आठी पडते. संगीत स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गोष्ट ठाऊक नसेल तर जे कळत नाही, ते संगीत कसलं? आणि गोष्ट ठाऊकच असेल, तर सुरांनी तिची चित्रं कशाला काढायची?

या आक्षेपामागे वजनदार नाव आहे. संगीताचा आशय म्हणजे नादाची चालती रूपं, त्यापलीकडे काही नाही, असं व्हिएन्नाचा संगीतसमीक्षक एदुआर्द हान्सलिक याने १८५४ सालच्या पुस्तकात ठासून मांडलं. पुढे १८९६ साली चेक संगीतकार अंतोनीन द्वोर्झाकने बोहेमियाच्या लोककथांवर एकापाठोपाठ चार रचना लिहिल्या, तेव्हा हान्सलिक हळहळला. ही निसरडी वाट थेट कथा-कवितांवर वाद्यरचना बांधणाऱ्या रिचर्ड स्ट्राउसकडे जाते, अशी त्याला धास्ती वाटली. द्वोर्झाकवर त्याचा लोभ खरा होता; द्वोर्झाकच्या हलाखीच्या काळात त्याला राज्य शिष्यवृत्ती देणाऱ्या परीक्षकांत हान्सलिक होता. त्यामुळे त्याचं मत नुसतं झटकून टाकता येत नाही, ते रचनेवर घासून पाहावं लागतं.

त्या चारांपैकी ‘दुपारची चेटकीण’ घेऊ. गोष्ट कारेल यारोमिर एर्बेनची. प्राग शहराच्या दप्तरखान्याचा हा प्रमुख लोककथा गोळा करत असे आणि १८५३ साली त्याने त्यांतून कथागीतांचं एक पुस्तक रचलं. स्वयंपाकात गुंतलेली आई, रडून गोंधळ घालणारं मूल. वैतागून आई म्हणते, थांब, चेटकिणीलाच बोलावते. आणि ती खरंच दारात उभी राहते. दुपारचे बारा वाजतात, बाप जेवायला घरी येतो. बायको बेशुद्ध पडलेली, तिच्या छातीशी मूल गुदमरून गेलेलं. भर दुपारी विहिरीकडे जाऊ नको हे ऐकत वाढलेल्या आपल्या माणसांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

एर्बेनची कविता पहिल्या ओळीपासूनच मुलाच्या रडण्याने सुरू होते. द्वोर्झाकची रचना मात्र तशी सुरू होत नाही. क्लॅरिनेटवर एक निवांत, घरगुती सूर येतो. त्यात ओबोची टोचणी सुरू होते, ती वाढते, आई खेकसते, पुन्हा सगळं शांत होतं. मग तेच सारं दुसऱ्यांदा घडतं. कवितेत हे शांत घर नाही, ही पुनरावृत्तीही नाही. द्वोर्झाकने ती संगीताची गरज म्हणून घातली, कारण सुरांत काही मोडायचं असेल तर ते आधी कानात मुरवावं लागतं. त्यानंतर तंतुवाद्यांचा आवाज दबका होतो, खालून बेस क्लॅरिनेट सरपटत येतं, आणि गोष्ट अजिबात ठाऊक नसलेल्या श्रोत्यालाही कळतं की घरात काहीतरी शिरलं आहे. याला चित्र काढणं कसं म्हणायचं? चित्र काढणारा कवितेमागून चालला असता. द्वोर्झाकने कवितेची घडणच बदलली. आणि ज्याने तोवर नऊ सिंफनी पुऱ्या केल्या होत्या, त्याला आकार सुचेना म्हणून तो गोष्टीच्या दारी गेला, हे मला तरी पटत नाही.

तो गेला बोलण्याच्या शोधात. या रचनांतले कितीतरी सूर त्याने एर्बेनच्या ओळी समोर ठेवून बांधले आणि मग शब्द काढून घेतले. गायकी अंगाने वाजवणारे आपले वादक मनात बंदिशीचे बोल धरून वाजवतात. ऐकणाऱ्याला ते बोल ठाऊक नसले तरी स्वराला आलेलं वजन जाणवतं. इथेही तसंच. हे नेमकं ओळखलं लेओश यानाचेकने. माणसांच्या बोलण्यातले चढउतार टिपून ठेवणाऱ्या या संगीतकाराने १८९७ साली या रचनांवर लेख लिहिले आणि चौथीचा, ‘रानपारव्या’चा, पहिला प्रयोग १८९८ मध्ये ब्रुनोत स्वतः संचालन करून केला. चेक माणसाने चेक कथा घेतली म्हणून ती थोर, हा बचाव मला लंगडा वाटतो. यानाचेकला त्या सुरांत माणूस बोलताना ऐकू आला, हे कारण खरं.

कथा फार भीषण आहेत, ही दुसरी तक्रार. याच द्वोर्झाकचे स्लाव्होनिक नृत्यांचे तुकडे १८७८ साली बर्लिनहून छापून आले, तेव्हा जर्मन शहरांनी ते डोक्यावर घेतले. खेड्यातल्या माणसाने नाचावं, हसावं, एवढंच शहराला हवं असतं. त्याने आपली भीती, आपलं पाप मांडलं की ते अभिरुचीत बसत नाही. आपल्याकडेही कोळीनृत्याला सभागृह भरतं. जलाशयातल्या आसरांची भीती त्या रंगमंचावर कुणी आणत नाही. लोकपरंपरेतून गोड तेवढं उचलणं हा तिचा अपमान आहे, मग तो कितीही प्रेमाने केलेला असो.

चारांतला ‘सोन्याचा चरखा’ लांबतो, हे मी कबूल करतो. जवळपास अर्धा तास चालणारी ती रचना गोष्टीचं बोट फार घट्ट धरते. द्वोर्झाकचा जावई योसेफ सूक याने तिची काटछाट केलेली आवृत्ती तयार केली, ती याच कारणाने. पण ती गोष्टच तीनदा घडण्यावर उभी आहे. सावत्र आईने आणि बहिणीने मारलेल्या मुलीचे पाय, हात आणि डोळे एक म्हातारा परत मिळवतो. पाय चरख्याच्या बदल्यात मिळतात. हात आणि डोळे चरख्याचे उरलेले भाग देऊन. दर वेळी म्हाताऱ्याने धाडलेला पोरगा राजवाड्यात जातो आणि सौदा करून येतो. हे तिन्ही फेरे कानाने पुरते सोसले, तरच पुढे त्याच चरख्याने सूत काढायला बसलेल्या खोट्या राणीसमोर, म्हणजे मुलीच्या जागी बसलेल्या त्या बहिणीसमोर, तो चरखाच खुनाची कहाणी गाऊ लागतो, तेव्हा त्या क्षणाचा भार जाणवतो. म्हणून ही रचना ऐकायची, तर काट न मारलेलीच ऐकावी.