जीपने चढू नका, जीपने उतरा

जोडीने हिमालयात लांबचा ट्रेक करणारी मंडळी हल्ली आमच्या ऑफिसात बरीच झालीत. लग्नाचा वाढदिवस, दिवाळी, पुढे-मागे दोन विकेंड आणि मध्ये पाच दिवस रजा असं सगळं जुळवायचं आणि नेपाळात अन्नपूर्णा सर्किट करून यायचं. कल्पना झकासच आहे. पण त्यांच्या प्लॅनची एक्सेल शीट बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या ओळीत हमखास लिहिलेलं असतं: 'बेसीसहर ते मनांग, जीप.'

माझं मत आधीच सांगून टाकतो. दिवस कमी असतील तर ट्रेकचा उतार कापा, चढ कापू नका. आणि जोडीने जाणार असाल तर खिंड ओलांडायची की नाही हे दोघांपैकी ज्याची तब्येत जास्त नरम असेल त्याने ठरवावं. त्यावर वाद नको.

आता कारणं. बेसीसहर साधारण ८०० मीटरवर आहे, मनांग सुमारे ३५०० मीटरवर. पूर्वी हे अंतर चालायला आठवडाभर लागायचा. अख्खं सर्किट तीन आठवड्यांचं होतं. आता मनांगपर्यंत कच्चा रस्ता झालाय. रस्ता झाल्याने ट्रेकची मजा गेली असं रडगाणं मी गाणार नाही. आजारी माणसाला पाठीवर बांधून खाली आणणाऱ्या गावाला रस्ता हवाच. आपण दहा दिवसांचे पाहुणे, आपल्या फोटोंसाठी त्यांनी का चालायचं? पण त्या आठवड्याभराच्या पायपिटीत नकळत एक काम होत होतं. शरीराला विरळ हवेची सवय होत होती. रस्त्याने वेळ वाचवला, शरीराचा वेग मात्र होता तोच राहिला.

ही सवय म्हणजे काय? वर गेल्यावर आपण जोरजोरात श्वास घेतो, त्याने रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित बिघडतं आणि ते मूत्रपिंडं सावकाश जाग्यावर आणतात. याला काही दिवस लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे. आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे पटकन कळायला हवं. एका महिन्याच्या कामावर चार माणसं टाकली म्हणून ते आठवड्यात होत नाही. इथेही तसंच आहे. म्हणून डॉक्टरांचा साधा नियम असा, की ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं.

"आम्ही दर रविवारी सिंहगड चढतो हो!" जरूर चढा. पायांना आणि दमाला त्याचा फायदा आहेच. पण आपलं महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. थोरोंग ला खिंड ५४१६ मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. याची तालीम सह्याद्रीत होत नाही. नेपाळीत 'लेक लाग्ने' म्हणतात ते, म्हणजे उंची लागणं, धट्ट्याकट्ट्या माणसालाही होतं. उलट तो भरभर चढतो म्हणून त्याला लवकर होण्याची शक्यता!

आता जोडीचा मुद्दा. ग्रुपमध्ये माणूस डोकेदुखी लपवतो ती लाजेने. नवरा-बायको लपवतात ती मायेने. 'तिने वर्षभर पैसे साठवलेत', 'त्याला मोठ्या मुश्किलीने रजा मिळालीय'. मग "बरं वाटतंय ना?" "हो, बरंय." झालं संभाषण! हे 'बरंय' फार धोक्याचं.

यावर आम्ही आकड्यांचा उपाय काढला. म्हणजे आम्ही नव्हे, डॉक्टरांनीच काढलेला आहे, लेक लुईस स्कोअर म्हणून. डोकेदुखी, पोट (मळमळ, भूक नसणं), थकवा आणि चक्कर, प्रत्येकाला ० ते ३ गुण. डोकं दुखतंय आणि बेरीज ३ किंवा जास्त असेल तर उंची लागलीय असं धरायचं आणि वर जायचं नाही. आम्ही रोज संध्याकाळी चहाच्या वेळी एकमेकांना आकडे विचारायचो. थोरोंग फेदीला, साधारण साडेचार हजार मीटरवर, बायकोने सांगितलं, "डोकं दोन, पोट एक." माझे सगळे शून्य होते. पहाटे चारला बाकी सगळे निघाले, आम्ही गोधडीतच. चर्चा नाही, समजावणं नाही, 'बघ जमतंय का' नाही. आदल्या रात्रीपेक्षा आकडा वाढला असता तर तसेच खाली उतरलो असतो. दुपारपर्यंत तिची बेरीज एकवर आली, संध्याकाळी शून्य, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही खिंड ओलांडली.

तो दिवस कुठून काढला? मुक्तिनाथच्या पुढे काली गंडकीच्या खोऱ्यातून चालायचं होतं ते सोडलं आणि सरळ जीपने पोखराला आलो. मार्फाची सफरचंदांची गल्ली खिडकीतूनच बघितली. वाईट वाटलं? वाटलं ना. बायकोला जास्तच. पण उतरताना जीप घेतल्याने कुणाच्या मेंदूला सूज येत नाही.

मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र आहे. हंगामात तिथले डॉक्टर उंचीच्या आजारावर माहिती देतात, ते दोघांनीही जाऊन ऐकाच. बसल्या जागी धाप लागली किंवा सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता आलं नाही, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. डायमॉक्सबद्दल इथूनच आपल्या डॉक्टरांना विचारून जा. त्या गोळीने सवय लवकर होते, पण लक्षणं असताना वर जायचा तो परवाना नव्हे.

कुणी म्हणेल एवढं घाबरवायचं कशाला, हजारो लोक दरवर्षी जाऊन येतात. खरंय. पण ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद वादळाच्या अवशेषातून आलेल्या बर्फवृष्टीत त्या भागात चाळीसहून जास्त माणसं गेली. खिंड आपल्या परतीच्या तिकिटाकडे बघत नाही. म्हणून शीटमध्ये दोन रिकामे दिवस ठेवा आणि त्यांच्यापुढे काहीही लिहू नका. मॅनेजर विचारेल हे कशासाठी, तर सांगा बफर आहे. त्याला कळेल. :)