कृष्णेला भिंत नाही आणि तलावाला झेंडे नाहीत

मे महिना लागला की आमच्याकडं दोन बातम्या हमखास येतात. पहिली, विहिरीत नाहीतर नदीत पोहायला गेलेला पोरगा बुडाला. दुसरी, उन्हाळी जलतरण शिबिराचा उत्साहात समारोप, मान्यवरांच्या हस्ते प्रमाणपत्रांचं वाटप. दोन्ही बातम्या मी वर्षानुवर्षं लिहितोय. कधीकधी एकाच पानावर, एकाखाली एक लागतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही. मलाही वाटेनासं झालं होतं.

परवा अशाच एका समारोपाला गेलो होतो. तलाव सातारा-सांगलीतलाच, नाव घेत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट बदलणार नाही. मान्यवर म्हणाले, "याच तलावातून उद्याचे ऑलिम्पिकवीर घडतील." टाळ्या पडल्या. मी तलावाकडं बघितलं. बॅकस्ट्रोकसाठी पाण्यावर आडवी झेंड्यांची दोरी लागते, ती कुठं दिसेना. तिथल्या माणसाला विचारलं, "झेंडे कुठायत?" तो म्हणाला, "ते पंधरा ऑगस्टला लावतो की साहेब."

त्या माणसाला हसू नका. त्याला कुणी सांगितलंच नाही. ज्यांनी सांगायचं ते स्टेजवर बसले होते.

आता म्हणाल, दोरीभर झेंड्यांचं काय एवढं? सांगतो.

पोहण्याच्या चार प्रकारांत बॅकस्ट्रोक हा एकच असा आहे की त्यात माणूस उताणा असतो आणि भिंत त्याला दिसत नाही. भिंत किती लांब आहे हे त्याला फक्त वरचे झेंडे सांगतात. नियमानं ते भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर आणि पाण्यापासून १.८ मीटर उंचीवर असतात. झेंडे डोक्यावरून गेले की पोहणारा हात मोजतो, ठरलेल्या हाताला पालथा होतो, कोलांटी घेतो आणि भिंतीला लाथ मारून परत निघतो. झेंडे नसले तर एकतर डोकं भिंतीवर आपटतं, नाहीतर पोरगं घाबरून आधीच वेग कमी करतं. महिनाभर असा सराव केलेल्या पोराला भिंतीची भीतीच शिकवलेली असते, पोहणं नाही.

पुढची गोष्ट तर त्याहून महत्त्वाची. आजचा बॅकस्ट्रोक निम्माअधिक भिंतीचा खेळ आहे. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ भिंतीला लाथ मारून पाण्याखालीच माशासारखा पाय मारत जायचा, अर्ध्याहून जास्त तलाव ओलांडल्यावर डोकं वर काढायचा. सगळं जग बघत राहिलं. त्याच शर्यतीत सोनं मात्र जपानच्या दाइची सुझुकीनं नेलं, आणि तोही हीच विद्या शिकून आला होता. नंतर नियम बदलले. आता सुरुवातीला आणि प्रत्येक वळणावर जास्तीत जास्त १५ मीटर पाण्याखाली जाता येतं. म्हणजे ५० मीटरच्या तलावात १०० मीटरची शर्यत धरली तर १५ आणि १५, एकूण ३० मीटर. जवळजवळ एक तृतीयांश शर्यत भिंतीच्या लाथेवर आणि पाण्याखालच्या पायांवर जाते.

आता आपल्याकडं या. कृष्णा, कोयना, वेण्णा, वारणा. वाईचा घाट, माहुलीचा संगम, कराडचा प्रीतिसंगम, सांगलीचा आयर्विन पूल, हरिपूर. पाठीला डबा बांधून नाहीतर ट्रॅक्टरची ट्यूब कमरेला घालून शिकलेली आपण माणसं. विहिरीच्या थारोळ्यावरून मुटके मारलेली. पूर आला की पुलावरून उड्या टाकणारी पोरं आपलीच. दम आहे, छाती आहे, पाण्याची भीती नाही. पण कृष्णेला भिंत नाही. विहिरीला आहे, तर ती इतकी जवळ की दोन हातांत डोकं आपटतं. म्हणून नदीत तयार झालेला आपला पोरगा सरळ पोहण्यात तालुक्याला, जिल्ह्याला दिसतो, आणि बॅकस्ट्रोकच्या लेनमध्ये गायब होतो. यात त्याचा दोष काडीचा नाही.

आता जग कुठं आहे ते बघू. पुरुषांच्या १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये इटलीच्या थॉमस चेकोननं २०२२ मध्ये बुडापेस्टला ५१.६० सेकंदांचा विश्वविक्रम केला. त्याच्याआधी अमेरिकेचा रायन मर्फी २०१६ च्या रिओत रिलेच्या पहिल्या टप्प्यात ५१.८५ पोहला होता, चीनचा शू जियायू २०१७ मध्ये ५१.८६. टोकियोचं सोनं रशियाच्या येवगेनी रिलोवनं ५१.९८ मध्ये नेलं. ५० मीटरमध्ये रशियाच्याच क्लिमेंट कोलेस्निकोवचे २०२३ मधले २३.५५ सेकंद. २०० मीटरला अमेरिकेच्या आरोन पिअर्सोलचा २००९ मधला १ मिनिट ५१.९२ सेकंदांचा विक्रम. तो पॉलियुरेथेनच्या खास पोशाखांच्या काळातला. पुढं त्या पोशाखांवर बंदी आली, आणि हा आकडा वर्षानुवर्षं कुणाला हलला नाही.

आणि आपला देश? बंगळूरच्या श्रीहरी नटराजनं २०२१ च्या जूनमध्ये रोमला ५३.७७ सेकंद वेळ दिली आणि टोकियोसाठी थेट पात्रतेची ५३.८५ ची वेळ गाठली. आता हिशेब करा. चेकोननं विक्रमी वेळेत भिंतीला हात लावला त्या क्षणी, दोघांच्या सरासरी वेगानं बघितलं तर, श्रीहरी साधारण चार मीटर मागं असतो. म्हणजे तो झेंड्यांच्या आत आलेला असतो! जगातला सगळ्यात वेगवान माणूस आणि भारताचा सगळ्यात वेगवान माणूस यांच्यात झेंड्यांपासून भिंतीपर्यंत असतं त्यापेक्षाही कमी अंतर आहे. एवढ्या जवळ आपला देश गेलाय. आणि आपल्या दोन जिल्ह्यांतल्या त्या तलावावर ती झेंड्यांची दोरीच नाही.

श्रीहरी बंगळूरचा, हा योगायोग नाही. तिथं तलाव आहेत, क्लब आहेत, निहार अमीन यांच्यासारखे प्रशिक्षक वर्षानुवर्षं एका जागी काम करतायत. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे बघा. वयाच्या सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. आशियाई स्पर्धेत पोहण्यातलं भारताचं ते २४ वर्षांनंतरचं पदक. पण तयारीला त्याला बंगळूरच गाठावं लागलं. पंचगंगेकाठच्या पोराला बंगळूरला जायला लागतं, तर आटपाडीच्या नाहीतर पाटणच्या पोरानं कुठं जायचं?

आणि सांगलीकरांनो, आपल्या घरातलं उदाहरण तर काळजाला लागेल असं आहे. मुरलीकांत पेटकर. जन्म पेठ-इस्लामपूरचा. लष्करात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय गेले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सोनं जिंकलं, ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सोनं. पद्मश्री मिळाली २०१८ ला. ४६ वर्षांनी! आपल्यातल्या कितीतरी जणांना ते कळले २०२४ ला सिनेमा आल्यावर. मग स्टेटस, मग फ्लेक्स. तेव्हा सांगली जिल्ह्यानं त्यांना जन्म दिला, पोहायला ते जिल्ह्याबाहेर शिकले, आणि श्रेय घ्यायला आपण पुढं. साताऱ्याच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं तरी वेगळं काय झालं? १९५२ चं ऑलिम्पिक पदक, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला मृत्यूनंतर. गेल्यावर हार घालण्यात आपला हात कोण धरणार?

आता नेहमीचे प्रश्न. कमेंटमध्ये येणारच आहेत, म्हणून इथंच घेतो.

पहिला: "माण-खटाव, जत-आटपाडीला प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला तलाव पाहिजे?" प्रश्न रास्त आहे, चेष्टेवारी नेणार नाही. ५० बाय २५ मीटरचा, २ मीटर खोल तलाव भरायला २५ लाख लिटर पाणी लागतं. ते रोज बदलत नाहीत, गाळून परत वापरतात. एक एकर ऊस वर्षाला सुमारे ८० लाख ते १ कोटी लिटर पाणी पितो. म्हणजे ऑलिम्पिकच्या मापाचा तलाव एकदा भरायचा तर दहा-बारा गुंठे उसाचं पाणी. वर्षभरात उडून जाणारं आणि फिल्टर धुवायचं पाणी धरलं तरी हिशेब एखाद्या एकराच्या आसपास राहतो. दोन जिल्ह्यांत ऊस किती एकर आहे ते कारखान्याच्या गेटवर उभं राहून बघा. आणि हा तलाव दुष्काळी तालुक्यात बांधा असं मी म्हणतच नाही. कराड ते पेठ नाका या महामार्गाच्या पट्ट्यात, नदीच्या अंगाला एकच बांधा. दोन्ही जिल्ह्यांना मिळून एक.

दुसरा: "आपल्या पोरांना उंची कुठाय?" चेकोन साडेसहा फुटांच्या आसपास आहे, कबूल. पण जपानचा र्योसुके इरिए पाच फूट दहा इंचांचा. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला त्यानं १०० मीटरचं ब्राँझ आणि २०० मीटरचं रौप्य घेतलं. पाच-दहाची पोरं आपल्या तालमीत पायलीला पन्नास सापडतील. उंचीचं कारण देणं सोपं असतं, कारण त्याला निविदा काढावी लागत नाही.

तिसरा: "पैसे कुठून आणायचे?" गावोगावी कमानी झाल्या. फुटपाथ चांगला असताना पेव्हर ब्लॉक बदलले. ओपन जिमची यंत्रं बसवली, त्यावर आता वाळवणं घालतात. तेव्हा पैसे कुठून आले? ५० मीटरचा तलाव महाग आहे, मान्य. पण झेंड्यांची दोरी महाग नाही. लेनची दोरी, मोठं घड्याळ, वेळ लिहायची एक वही, यातलं काय महाग आहे?

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ते शेवटी सांगतो.

समजा, आपल्या इथून पुढची पन्नास वर्षं एकही ऑलिम्पिकवाला निघाला नाही. तरीही प्रत्येक पोराला उताणं तरंगता आलंच पाहिजे. बॅकस्ट्रोकचा पहिला धडा वेगाचा नसतोच. उताणं पड, कान पाण्यात बुडू दे, पोट वर घे, तोंड मोकळं ठेव, श्वास घे. गावाकडं आपण मुडद्यासारखं पडून राहणं म्हणतो, पण ते जिवंत राहायचं शिक्षण आहे. दमलेला माणूस हात-पाय झाडत उभा राहायला बघतो आणि खाली जातो. उताणा पडलेल्याला श्वास मिळतो, हाक मारता येते, दोर येईपर्यंत वेळ मिळतो. तलावावर आठ दिवसांत शिकवता येण्यासारखी गोष्ट आहे ही.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्टला बोट उलटली आणि माणसं गेली, बायका-पोरं गेली. पोहता आलं असतं तर सगळे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पुराच्या ओढीला चांगले पोहणारे टिकत नाहीत, आणि पुरेशा बोटी, जॅकेटं वेळेत पोचवणं हे सरकारचंच काम, ते कुणाच्या पोहण्यावर ढकलता येत नाही. पण महापूर २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. परत येणार हे शेंबडं पोरगंही सांगेल. आणि अशा नदीकाठच्या शाळेत पाचवीतल्या पोराला सातवा वेतन आयोग सोडून सगळं शिकवतात, उताणं तरंगणं तेवढं शिकवत नाहीत.

म्हणून मागण्या लिहून ठेवतो. पालिका, महापालिका, जिल्हा क्रीडा कार्यालय, पालकमंत्री, ज्याला लागू पडतील त्यानं घ्याव्यात.

१. प्रत्येक सार्वजनिक तलावावर दोन्ही टोकांना, भिंतीपासून ५ मीटरवर झेंड्यांची दोरी. वर्षभर. पंधरा ऑगस्टला वेगळी लावा.

२. तलाव बंद असेल तर का बंद आणि कधी उघडणार, हे गेटवर तारखेसह लिहा. "दुरुस्तीसाठी बंद" एवढं चालणार नाही.

३. पाचवी ते आठवीच्या मुला-मुलींना रोज एक तास परवडेल अशा फीमध्ये. मुलींसाठी महिला प्रशिक्षक.

४. पूररेषेतल्या गावांमधल्या शाळांना पावसाळ्याआधी उताणं तरंगायचं शिक्षण. त्याची नोंद शाळेच्या दप्तरात.

५. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५० मीटरचा एक तलाव. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत निदान विषय तरी येऊ द्या.

पहिल्या चार मागण्यांना मंत्रालयात जायची गरज नाही. मनात आणलं तर पुढच्या उन्हाळ्याआधी होतील.

मित्रांनो, पोस्ट पटली तर शेअर करा, नाही पटली तर कमेंटमध्ये भांडा, मी आहे. पण त्याआधी एक काम करा. आपल्या गावातल्या तलावावर जा, झेंडे आहेत का बघा आणि फोटो खाली टाका. असतील तर त्या माणसांचं नाव घेऊन कौतुक करू, मीच पहिली बातमी लिहीन. नसतील तर पुढच्या समारोपाला ऑलिम्पिकवीरांचं भाषण सुरू झालं की टाळ्या थांबवून एवढंच विचारा, "साहेब, झेंडे कुठायत?"