कोच बोलला, पुढे काय?

विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत भारताला नेता आलं नाही, तर मी निघून जाईन. २०२४च्या मार्चमध्ये इगोर स्टिमॅक असं जाहीरपणे बोलले आणि फुटबॉलवेड्या पोरापोरींमध्ये लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणाली, बाप माणूस! खुर्ची पणाला लावायला हिंमत लागते. दुसरी म्हणाली, मॅच जिंकायची सोडून डायलॉग कसले मारतोय? त्याच महिन्यात २६ तारखेला गुवाहाटीत भारत अफगाणिस्तानकडून १-२ असा हरला. सुनील छेत्रीचा तो १५०वा आंतरराष्ट्रीय सामना. पहिला गोल त्याचाच होता, तरी हरलो. आणि मग दोन्ही पार्ट्यांना महिनाभर पुरेल एवढा दारूगोळा मिळाला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी ०-०, छेत्रीचा निरोपाचा सामना. ११ जूनला दोह्यात कतारविरुद्ध छांगटेच्या गोलमुळे आपण पुढे होतो. मग तो कुप्रसिद्ध गोल झाला. चेंडू रेषेबाहेर गेलेला सगळ्या जगाला दिसला, रेफ्रींना दिसला नाही आणि व्हीएआर नव्हतं. १-२. तिसरी फेरी हुकली. १७ जूनला महासंघाने स्टिमॅक यांना काढून टाकलं. लक्षात घ्या, ते स्वतःहून गेले नाहीत, त्यांना काढलं. करार २०२६पर्यंतचा होता, त्यामुळे भरपाईवरून वाद झाला आणि शेवटी चार लाख डॉलरवर तडजोड झाल्याच्या बातम्या आल्या. निघून जाईन म्हणणारा माणूस पैसे घेऊन गेला, असं दुसऱ्या पार्टीने ऐकवलं. हे बोलणं अगदीच चुकीचं नाही. पण करारात जे लिहिलंय ते मागणं हा कुणाचाही हक्क आहे, आणि तो करार लिहिला महासंघाने, त्यावर सही केली तीही महासंघानेच. तुटला तर काय, याचा विचार सही करतानाच करायचा असतो.

पण आज आपल्याला स्टिमॅक यांची कुंडली मांडायची नाहीये. (कुंडलीचा विषयही त्यांच्या कारकिर्दीत निघाला होताच. संघनिवडीआधी खेळाडूंची माहिती एका ज्योतिषाकडे पाठवल्याची बातमी २०२३मध्ये आली आणि त्यांच्या बोलण्याचं वजन बरंच घटलं.) आपल्याला बोलायचंय ते आपल्याबद्दल, म्हणजे प्रेक्षकांबद्दल. कोच काही धाडसी बोलला की आपण तो कसा बोलला, कुठे बोलला, त्याने तसं बोलावं का, यावर रात्र रात्र भांडतो. तो जे बोलला ते खरं आहे का, यावर भांडायची वेळच येत नाही.

हे फक्त फुटबॉलमध्ये होतं असंही नाही. कॉलेजच्या टीमचे सर जिमखान्याच्या मीटिंगमध्ये 'पोरांना सरावाला मैदान मिळत नाही' असं जरा आवाज चढवून म्हणाले, तर नंतर चर्चा मैदानाची होते का? सरांच्या टोनची होते!

स्टिमॅक यांचा टोन चढाच होता, यात शंका नाही. १९९८च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवणाऱ्या क्रोएशियाच्या संघातला हा बचावपटू. २०२३च्या सॅफ स्पर्धेत बेंगळुरूला पाकिस्तानच्या खेळाडूने थ्रो-इनसाठी उचललेला चेंडू त्यांनी हाताने उडवला आणि लाल कार्ड घेतलं. दुसऱ्या दिवशी माफी मागणं दूरच, माझ्या पोरांसाठी पुन्हा असंच करीन, अशा अर्थाचं लिहून मोकळे झाले. त्याच स्पर्धेत कुवेतविरुद्ध दुसरं लाल कार्ड. स्पर्धा आपण जिंकली म्हणून ते सगळं गोड वाटलं. संघ हरला असता, तर याच गोष्टीला आपण उर्मटपणा म्हणालो असतो. जिंकल्यावर पॅशन आणि हरल्यावर माज, हा हिशेब आपला आहे, त्यांचा नाही.

आता त्यांची दोन वक्तव्यं शेजारी ठेवून बघा. पहिलं २०२३च्या जुलैमधलं. आशियाई क्रीडा स्पर्धेला सांघिक खेळातला संघ पाठवायचा तर तो आशियात पहिल्या आठात हवा, असा क्रीडा मंत्रालयाचा निकष होता. फुटबॉल संघ त्यात बसत नव्हता. स्टिमॅक यांनी पंतप्रधान आणि क्रीडामंत्र्यांना उद्देशून जाहीर विनंती केली. नोकरी महासंघाची आणि साकडं थेट पंतप्रधानांना, हे कित्येकांना खटकलं. पण काही दिवसांतच निकष शिथिल झाला. संघ गेला.

गेला, पण कसा? इंडियन सुपर लीग तोंडावर आली होती, क्लब खेळाडू सोडायला तयार नव्हते. जेमतेम जमवलेला संघ सामन्याच्या आदल्या दिवशी चीनमध्ये उतरला आणि १९ सप्टेंबरला यजमान चीनकडून १-५ असा हरला. तेव्हा एकोणचाळिशीत असलेला छेत्री धावतोय आणि बाकीची पोरं एकमेकांना ओळखत ओळखत खेळतायत, असा तो सामना होता. तरीही हा संघ बांगलादेशला हरवून आणि म्यानमारशी बरोबरी करून पुढच्या फेरीत गेला. म्हणजे त्या जाहीर विनंतीने दार उघडलं, पण आत जायला लागणारा सराव तिने मिळवून दिला नाही. कारण सरावाचे दिवस क्लब, लीग आणि महासंघ यांनी एका टेबलावर बसून ठरवायचे असतात. ते टेबल कधी नीट मांडलंच गेलं नाही.

दुसरं वक्तव्य तेच, तिसऱ्या फेरीचं. त्याने काय साधलं? काहीच नाही. उलट नुकसान केलं. जानेवारी २०२४मध्ये आशियाई चषकात आपण ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान, सीरिया अशा तिघांकडून हरलो आणि तीन सामन्यांत एकही गोल करू शकलो नाही. त्यानंतर चर्चा व्हायला हवी होती ती गोल का होत नाहीत याची. त्या स्पर्धेआधी चार आठवड्यांचं शिबिर मागितलं होतं आणि मिळाले दोन आठवडे, याची. पण एका पैजेने सगळी चर्चा एका माणसाच्या नोकरीभोवती आणून ठेवली. राहतो की जातो? बस्स, एवढंच. महासंघालाही हे सोयीचंच होतं. माणूस गेला की प्रश्न सुटला, असं दाखवता येतं.

म्हणून आमचं म्हणणं असं की कोचने बोलावं, जरूर बोलावं. पण स्वतःवर पैज लावू नये. शिबिराचे किती दिवस मागितले, किती मिळाले, कुणी नकार दिला, हे सांगावं. आणि खुर्चीवर असताना सांगावं. काढून टाकल्यावर स्टिमॅक यांनी ऑनलाइन पत्रकार परिषद घेतली आणि महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांनी पद सोडावं, इथवर बोलले. महासंघाने त्यांचे आरोप फेटाळले. त्यातलं कितीतरी तपासून बघण्यासारखं होतं, पण नोकरी गेलेल्या माणसाची कडवट बडबड म्हणून ते झटक्यात निकालात निघालं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. आपल्यापैकी बहुतेकांना फुटबॉल-वादाची सवय लागली ती रात्री जागून प्रीमियर लीग बघताना. तिथे मोरिन्यो २००४मध्ये चेल्सीत आल्या आल्या स्वतःला 'स्पेशल वन' म्हणाले आणि वीस वर्षं झाली तरी लोक ते चघळतात. त्यात मजा आहे. पण तिथे प्रशिक्षकाचं बोलणं म्हणजे ताटातलं लोणचं. बाकी ताट भरलेलं असतं. लीगचं वेळापत्रक आधी जाहीर होतं, क्लबचे हिशेब प्रसिद्ध होतात, अकादमीतून कोण वर आलं ते दिसतं. आपल्याकडे ताट रिकामं, म्हणून आपण लोणच्यावरच भूक भागवतो. राष्ट्रीय संघाच्या आत काय चाललंय, हे आपल्याला बहुतेक वेळा कळतं ते कोच वैतागून काहीतरी बोलला म्हणूनच.

आणि वैतागणारे स्टिमॅक एकटेच नव्हते. त्यांच्या जागी मानोलो मार्केझ आले. गोव्यातल्या वाचकांना त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. एफसी गोवा आणि भारत, दोन्ही संघ ते एकाच वेळी सांभाळत होते. शांत, हसरा माणूस अशी ख्याती. २५ मार्च २०२५ला शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-० बरोबरी झाली आणि हा शांत माणूस पत्रकारांसमोर फुटला. प्रचंड राग आलाय, निराश झालोय, असं सरळ म्हणाले. झालं! पुन्हा दोन पार्ट्या. खेळाडूंना चारचौघांत बोलायला नको होतं, ही एक. बरं झालं, कुणीतरी आरसा दाखवला, ही दुसरी. जूनमध्ये हाँगकाँगकडून हार, जुलैत मानोलो बाजूला. भारतासोबतच्या त्यांच्या कारकिर्दीत विजय एकच, मालदीवविरुद्धचा. त्याच मोसमात एफसी गोवाला मात्र त्यांनी सुपर कप जिंकून दिला. तोच माणूस, तेच डोकं. क्लबसोबत रोज सराव आणि देशासोबत अधूनमधून काही दिवस, हा फरक.

मग ऑगस्ट २०२५मध्ये खालिद जमील आले. मुंबईच्या मैदानांवर वाढलेला कोच. महिंद्रा युनायटेडकडून खेळले, मुंबई एफसीला वर्षानुवर्षं सांभाळलं आणि २०१७मध्ये आयझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली. गोव्याच्या सावियो मदेरांनंतर पहिल्यांदाच एक भारतीय या पदावर पूर्णवेळ आला. आणि खालिद म्हणजे बोलण्याच्या बाबतीत स्टिमॅक यांचं दुसरं टोक. प्रश्न कितीही लांब असो, उत्तर दोन ओळींत. सुरुवात झकास झाली, काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक आला. मग १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्ड्याला, आपल्याच प्रेक्षकांसमोर, सिंगापूरकडून १-२. छांगटेने आघाडी मिळवून दिली होती, तरी. आशियाई चषकाची आशा तिथेच संपली. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१, आणि हा शेजारी आपल्याला तब्बल २२ वर्षांनी हरवत होता.

आता गंमत बघा. गरजणारा कोच झाला, चिडणारा झाला, गप्प राहणारा झाला. निकाल तेच. मग कोचने तोंड उघडावं की नाही, या वादात आपण इतका जीव का ओततो?

जे मुद्दे त्या आवाजाखाली दबले, त्यातला एकच घेऊ. स्टिमॅक वारंवार सांगायचे की आयएसएलमधले क्लब पुढच्या फळीत परदेशी खेळाडू घेतात, त्यामुळे भारतीय स्ट्रायकर तयार होत नाहीत. तेव्हा ही हरणाऱ्याची सबब वाटली. पण २०२४-२५च्या आयएसएलमध्ये भारतीयांपैकी सर्वांत जास्त गोल कुणाचे? छेत्रीचे. १४ गोल, वयाच्या चाळिसाव्या वर्षी! निवृत्त झालेल्या माणसाला मार्च २०२५मध्ये परत बोलवावं लागलं आणि आल्या आल्या मालदीवविरुद्ध त्यानेच गोल केला. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण त्याच्या मागे रांगेत कुणी उभं नव्हतं, हेही त्याच गोलने दाखवलं. म्हणजे स्टिमॅक यांच्या स्वभावाबद्दल तुमचं मत काहीही असो, हे म्हणणं खरं निघालं.

सबब आणि कारण यांत फरक करणं अवघड असतं, कबूल. बोलणाऱ्याचा त्यात स्वार्थ असतो. स्टिमॅक यांचाही होता, कारण दोष लीगचा ठरला की त्यांचा उरत नव्हता. पण स्वार्थ आहे म्हणून बोलणं खोटं ठरत नाही, आणि धाडस आहे म्हणून खरंही ठरत नाही. दोन्ही वेळा ते तपासायचं काम उरतंच, आणि ते तुम्ही-आम्हीच करायचं. आपल्याकडे एक्सेलमध्ये फँटसी लीगचे हिशेब ठेवणारी पोरं आहेत. कुठल्या क्लबने किती मिनिटं भारतीय स्ट्रायकर खेळवला, हे त्यांनी मनात आणलं तर एका रविवारात काढतील.

कोल्हापुरात हे बघायला मिळतं. तिथल्या तालमी-मंडळांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर येणारा माणूस कोच काय बोलला यापेक्षा कुठला पोरगा कुठल्या जागेवर खेळवला यावर जास्त भांडतो. तिथूनच अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापर्यंत गेला. भांडण तिथेही कडाक्याचं असतं, पण ते मैदानावर दिसलेल्या गोष्टीवरून असतं.

२०२५च्या जुलैत आयएसएलच स्थगित झाली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता आणि पुढचं काही ठरत नव्हतं. काही क्लबांनी पगार थांबवले. नोव्हेंबरमध्ये संघ ढाक्याला गेला तेव्हाही लीग सुरू झालेली नव्हती. महिनोन् महिने लीगचा एकही सामना न खेळलेली पोरं देशासाठी उतरली, आणि हरल्यावर आपण विचारलं, खालिद गप्प का?

त्याच नोव्हेंबरमध्ये छेत्रीनेही दुसऱ्यांदा आणि आता बहुधा कायमचा आंतरराष्ट्रीय फुटबॉलला रामराम ठोकला. नऊ नंबरच्या जागेचा जो प्रश्न स्टिमॅक ओरडून विचारत होते, तो आता खालिद यांच्यासमोर आहे. आणि ते तर दोन ओळींपलीकडे बोलत नाहीत.