पाणी शुद्ध, नळ लाल

नोव्हेंबर 1992 मध्ये अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टक्सन शहराच्या सुमारे निम्म्या भागात कोलोरॅडो नदीचे पाणी सोडण्यात आले. तोवर हे वाळवंटी शहर विहिरींवर जगत होते आणि भूजलाची पातळी दरवर्षी खाली जात होती. हवासू सरोवरातून सुमारे 540 किलोमीटरचा कालवा आला, नवे जलशुद्धीकरण केंद्र उभे राहिले. केंद्रातून निघणारे पाणी पिण्यायोग्यतेच्या कसोटीला उतरत होते.

घरोघरी मात्र नळाला तांबूस, वास मारणारे पाणी येऊ लागले. कपड्यांवर डाग पडले, जुने पाइप गळू लागले आणि नुकसानभरपाईचे दावे पालिकेच्या दारात येऊन थडकले.

दोष नदीचा नव्हता. बिडाच्या आणि जीआय पाइपांच्या आत अनेक वर्षांच्या विहिरीच्या पाण्याने एक थर धरला होता. नव्या पाण्यातले क्षार वेगळे, सामू वेगळा; त्याने तो थर सुटू लागला. शिवाय विहिरी शहरभर विखुरलेल्या, तर केंद्र एकाच बाजूला. त्यामुळे अनेक वाहिन्यांत प्रवाहाची दिशाच फिरली आणि तळाचा गाळ ढवळून निघाला. 1994 मध्ये पुरवठा थांबवावा लागला. पुढच्याच वर्षी मतदारांनी कौल देऊन नदीचे पाणी थेट नळाला देण्यावर कडक निर्बंध घातले. कोट्यवधी डॉलरचे केंद्र पडून राहिले!

मग टक्सनने सावकाश वाट धरली. शेजारच्या आव्रा खोऱ्यात मोठी तळी करून नदीचे पाणी जमिनीत मुरवले, भूजलात मिसळलेले तेच पाणी पुन्हा उपसले. जुने पाइप बदलले. आधी निवडक वस्त्यांना ते देऊन पाहिले, लोकांना बाटल्यांतून चाखायला दिले. 2001 पासून ते नळांत सोडले. आज शहराची मुख्य भिस्त याच पाण्यावर आहे आणि मधल्या भागातील विहिरींची पातळी वर आली आहे.

आपल्याकडेही बोअर आणि टँकरवर तगलेली उपनगरे धरणाच्या पाण्याला जोडली जात आहेत. नारळ फुटतो तो शुद्धीकरण केंद्रात. टाकीपासून नळापर्यंतच्या जुन्या पाइपांची विचारपूस कोण करतो? त्या पाइपांचे तुकडे काढून त्यांतून नवे पाणी काही महिने खेळवून पाहण्याचा खर्च योजनेच्या मानाने नगण्य असतो. तो अंदाजपत्रकातच धरावा, अहवाल नागरिकांसमोर ठेवावा आणि त्यानंतरच व्हॉल्व्ह उघडावा.