लेखनिक शोधायचा कुणी?

अकरावीत असताना मी माझ्या मामेभावाचा पेपर लिहिला. दादाला दिसत नाही. तो तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होता, विषय राज्यशास्त्र. आपला लेखनिक आपणच आणायचा, तर तो शिक्षणाने एक पायरी खालचा हवा, असा तेव्हा नियम होता. रेणापुरात चार घरं फिरून झाली. कुणाची ट्यूशन, तर कुणाच्या आईला धास्ती, "कॉपीच्या केसमध्ये पोरगी अडकली म्हणजे?" शेवटी आदल्या रात्री मामी आमच्या दारात आली.

सकाळी पिंपळफाट्यावर एसटी धरून आम्ही कॉलेज गाठलं. आमचा बाक जिन्याखाली. दादा सांगायचा, मी लिहायची. 'सार्वभौमत्व' मला येईना. त्याने अक्षरं फोडून सांगितलं. तीन तास झाले आणि सरांनी पेपर मागितला. दादा म्हणाला, "सर, आम्हाला तासाला वीस मिनिटं जादा असतात. अजून एक तास आहे." सर म्हणाले, "तसं पत्र नाही आलं." शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दादाच्या ओठांवर होतं, पेन माझ्या हातात होतं. पेपर गेला.

सर वाईट नव्हते. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

नियमांची वाण नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा अपंगत्वाचे 21 प्रकार मानतो. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखून ठेवतो. 2021 मध्ये विकास कुमार खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, अपंगत्व 40 टक्क्यांहून कमी आहे एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. त्याच वर्षी 'नीट'ला एका मुलीचा हाच जादा तास बुडाला. तिच्यावर अन्याय झाला हे कोर्टाने मानलं. पण परीक्षा काही पुन्हा झाली नाही. गेलेला तास कोर्टालाही परत देता येत नाही. म्हणून तो आधीच द्यावा लागतो.

दादाची नजर दर सहा महिन्यांनी बदलत नाही. तरी दर सत्राला नवा अर्ज, प्रमाणपत्राची नवी झेरॉक्स आणि लेखनिकासाठी पुन्हा तीच दारं. प्रवेशाच्या फॉर्मवरच एक रकाना ठेवा: परीक्षेला तुम्हाला काय लागेल? मग हॉलतिकिटावरच छापून येऊ द्या: लेखनिक, चार तास. आपल्याकडे कितीतरी कॉलेजांत अकरावी-बारावी त्याच आवारात भरते. लेखनिक शेजारच्या वर्गात बसलेला असताना मामीने रात्री दारोदार का फिरावं? एकेका मार्कासाठी जीव काढणाऱ्या लातूर पॅटर्नच्या जिल्ह्याला लेखनिकांची एवढी यादी करणं जड नाही.

आणि अकरावी-बारावीच्या मुलांनो, अक्षर बरं असेल तर जवळच्या कॉलेजात आपलं नाव आणि नंबर देऊन या. परीक्षा जवळ यायच्या आत.